डोईपेक्षा चार बोटं खाली

आमचे साहेब सकाळी ऑफिसात आले की कुणाला नमस्कार करत नसत. टेबलासमोर उभे राहायचे, चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "आज कोणता शीण?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. "काही नाही साहेब, बरं आहे," असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. सरकारी माणूस आणि बरा, हे त्यांना पटायचंच नाही.

त्यांच्या मते शीण काही एक नव्हता. खुर्चीचा शीण वेगळा, एस.टी.चा वेगळा, मिटिंगचा वेगळा. ऐकून घेण्याचा शीण सगळ्यात वाईट आणि तो घरात बायकांना व ऑफिसात कारकुनांना होतो, असं ते सांगत. बांधकामाच्या टेबलावरच्या माणसाला त्यांनी एकदा चारचौघांत सांगितलं, "तुमचा शीण न केलेल्या कामाचा आहे. त्याला औषध नाही." तो आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही. शिपायाचा शीण हाकांचा. मोठ्या साहेबांचा शीण फोनचा. प्रत्येकाचं निदान ठरलेलं होतं, फक्त माझं सोडून. मी आपणहून विचारलं तर ते माझ्याकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, "भाऊसाहेब, तुमचा अजून हाती लागत नाही. सांगेन कधीतरी."

ऑफिस कोणतं ते सांगत बसत नाही. मोखाड्यासारख्या तालुक्याच्या गावात सरकारी कचेऱ्या पुष्कळ, आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. काळ नव्वद सालानंतरचा, जिल्हा तेव्हा ठाणेच होता. माझ्याकडे आस्थापनेचं टेबल होतं. म्हणजे ऑफिसात कर्मचारी कोण आणि कोण नाही, हे माझ्या कागदांवर ठरत असे. मी जामसरचा. घरात भाताची शेती, आणि सगळ्या भावकीत पहिली सरकारी खुर्ची माझी. ती मी किती घट्ट धरून बसलो होतो ते पुढे येईलच. साहेब साखरशेतचे, आरोग्याचं काम त्यांच्याकडे, रिटायर व्हायला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. दोघंही जव्हारला राहायचो आणि एकाच गाडीनं जाऊन-येऊन करायचो.

साहेब स्वतः खुर्चीवर बसत नसत. कपाटाच्या वर कागद ठेवून उभ्यानं लिहायचे. त्यांची खुर्ची कोपऱ्यात रिकामी असायची आणि तिच्यावर आल्यागेल्या म्हाताऱ्या माणसांना बसवायचे. सकाळी अकरा आणि दुपारी चारला ते पडवीत टांगलेला लोखंडाचा तुकडा स्वतः बडवायचे. तो वाजला की सगळ्यांनी उठून हात वर करायचे, मान फिरवायची, पाणी प्यायचं. मोठे साहेबसुद्धा सुरुवातीला उठले. मग त्या वेळेला त्यांना नेमका फोन येऊ लागला. इतरांना फोनची सोय नव्हती, त्यांनी मोरीचा आसरा घेतला. चार वाजता मोरीपुढे रांग लागायची.

त्यांची अजून एक खोड होती. हातातली पिशवी ते कधी जमिनीवर ठेवत नसत. गाडीत उभं राहावं लागलं तरी पिशवी दोन पायांत न ठेवता बाकाच्या पाठीवर टेकवून धरायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, ठेवा की खाली." ते म्हणाले, "ओझं जमिनीवर ठेवू नये भाऊसाहेब. वाहताना माणूस मोडत नाही. खालून उचलताना मोडतो." मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी. ऑफिसात त्यांच्या अशा वाक्यांची आम्ही नक्कल करायचो, आणि ती मला सगळ्यांत चांगली जमायची.

तेव्हा तो कार्यक्रम आला. राज्याचं आरोग्य खातं आणि मुंबईतली एक मोठी संस्था यांनी मिळून ठरवलं होतं, की नोकरदार माणसाची तब्येत कामाच्या जागी सुधारायची. राज्यभर, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक कारखान्यात. कल्पना वाईट नव्हती. आमच्या ऑफिसात तिघांना मधुमेह होता आणि एक जण टेबलावरच गेला होता. परिपत्रकाबरोबर भिंतीवर लावायला रंगीत चित्रं आली. एकावर पांढरे बूट घातलेला माणूस पळत होता. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'लिफ्टऐवजी जिना वापरा.' आमचं ऑफिस कौलारू, एकमजली. लिफ्ट सोडाच, जिन्यासाठीसुद्धा जव्हारला जावं लागलं असतं. साहेबांनी ते चित्र मोठ्या गंभीरपणे पडवीच्या खांबावर लावलं, कारण वरून आलेला कागद वाया घालवायचा नाही असा त्यांचा नियम होता.

त्या पडवीत रोज बुधीबाई पाणी आणून ओतायची. विहीर खाली ओहोळाच्या कडेला आणि ऑफिस टेकाडावर. मधे उभी चढण. हंड्यावर कळशी घेऊन ती दिवसाला दहा-बारा खेपा करायची. आम्ही प्यायचो ते पाणी तिचं, मोरीतलं पाणी तिचं, मोठ्या साहेबांच्या कुंडीतल्या तुळशीचंही तिचंच. किती वर्षं आणत होती कोण जाणे, मी लागलो त्याच्या आधीपासून. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची, तिच्या बोलीत साहेब लोकांसाठीसुद्धा अहो-जाहो नव्हतं. पळणाऱ्या माणसाच्या चित्रापुढे ती हंडा डोईवर तसाच ठेवून उभी राहिली आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, ह्याच्या मागं कोन लागलाय?"

साहेब म्हणाले, "कुणी नाही. तब्येतीसाठी पळतोय."

"मंग पानी तरी आनायचा नं पळत पळत," बुधीबाई म्हणाली आणि आत गेली.

कार्यक्रमाची माहिती द्यायला ठाण्याला बैठक झाली. साहेब आणि मी दोघंही गेलो. पंख्याखाली बसून आम्ही दिवसभर ताणतणाव, आहार, पाठीचा कणा यांवर भाषणं ऐकली. शेवटी कुणाला काही विचारायचंय का असं म्हटल्यावर साहेब उठले. म्हणाले, "आमच्याकडे कामाची जागा म्हणजे वाट असते. बाया डोक्यावर ओझं घेऊन चालतात. त्यांना हा कार्यक्रम लागू आहे का?" व्यासपीठावरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी सांगितलं, की कार्यक्रम आस्थापनेवरच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. 'आस्थापना' हा शब्द ऐकल्यावर साहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

 परतीच्या गाडीत, कसारा मागे पडल्यावर, त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती साखरशेतहून मोळी घेऊन जव्हारच्या बाजाराला जायची. वाटेत तीन ठिकाणी विसावे होते. विसावा म्हणजे दगडांचा उंच कट्टा, बाईच्या डोईपेक्षा चार बोटं खाली. नुसतं पाठमोरं होऊन मान कलती केली की मोळी त्यावर सरकते, आणि निघताना पुन्हा तशीच डोईवर येते. वाकायला नको, उचलून द्यायला कुणी नको. पुढे रस्ता रुंद झाला, तेव्हा त्या विसाव्यांचे दगड फोडून खडी केली. मग आई मोळी जमिनीवर ठेवायची आणि एकटीनं उचलायची.

"तिचं अंग बाहेर आलं," साहेब म्हणाले. "आम्हाला काय कळतंय. ती पाय फाकवून चालायला लागली. आम्ही भावंडं अंगणात तिच्या मागं तिच्यासारखं चालून दाखवायचो. तीही हसायची."

 

कार्यक्रमाच्या अर्जात एक रकाना होता, 'कामाच्या ठिकाणी करावयाची सुधारणा.' इतर कचेऱ्यांनी त्यात पंखे मागितले, कुणी कॅरम बोर्ड मागितला. साहेबांनी बुधीबाईला पडवीच्या खांबाला पाठ लावून उभं केलं, तिच्या डोईच्या खाली चार बोटं मोजली आणि खडूनं रेघ मारली. मग उभ्यानंच लिहिलं, 'विहिरीच्या चढणीवर एक व कार्यालयाच्या पडवीजवळ एक, असे दोन विसावे बांधणे.' बुधीबाई ती रेघ हातानं चाचपून म्हणाली, "असा इसावा आमच्या आयेच्या वक्ताला होता."

पावसाळ्यात वरून उत्तर आलं. 'अंत्यविधीसंबंधीची कामे सदर कार्यक्रमात समाविष्ट करता येत नाहीत.' वरच्या माणसाचं तरी काय चुकलं? शहरात तिरडी निम्म्या वाटेवर टेकवतात त्या जागेला विसावा म्हणतात, आणि दुसरा विसावा त्यानं कुठं बघितलेला असणार. ऑफिस दोन दिवस हसत होतं. मी साहेबांना सुचवलं, "शब्द बदला ना. विश्रांतीचा ओटा लिहा, मंजूर होईल."

"ओट्यावर माणूस बसतं," साहेब म्हणाले. "विसाव्यावर ओझं बसतं. आपलीच वस्तू, तिला दुसऱ्याच्या नावानं का मागू?" त्यांनी पुन्हा तोच शब्द लिहून, शेजारी चित्र काढून अर्ज पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही.

पितृपक्षात आरोग्य तपासणीचं शिबिर ठरलं. मुंबईच्या संस्थेचे डॉक्टर येणार, रक्त-लघवी तपासणार आणि कुणाला मोठा आजार निघाला तर मुंबईला नेऊन फुकट उपचार करणार. यादी माझ्या टेबलावरून जायची. साहेबांनी ती बघायला मागितली आणि शेवटी पेन्सिलीनं बुधीबाईचं नाव घातलं. माझ्याकडे परत आल्यावर मी ते खोडलं. रबरानं खोडलं, म्हणजे खूण राहू नये. हजेरीपटावर नाही तो माणूस यादीत कसा येईल? कुणी विचारलं तर उत्तर मला द्यावं लागलं असतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलंही.

शिबिराच्या दिवशी माणसं जास्त, म्हणून पाणीही जास्त लागलं. आमच्या सगळ्यांच्या तब्येतीसाठी बुधीबाई सकाळपासून विहिरीच्या खेपा घालत होती. मी दाराशी उभा राहून नावं पुकारत होतो. साहेबांचं नाव आलं. ते पडवीत गेले, पाय फाकवत नुकत्याच चढून आलेल्या बुधीबाईच्या डोईवरची कळशी आणि हंडा त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवला, आणि तिला म्हणाले, "माझ्या नावावर तू जा."

"माना काय झालाय?" ती म्हणाली.

"तुला ठाऊक आहे काय झालंय ते. डॉक्टरीण बाई आहे. लाजू नकोस."

ती माझ्यासमोरून आत गेली. आतल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरचं पुरुषाचं नाव बघितलं, बुधीबाईकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. आम्हा सगळ्यांना चार-चार मिनिटं लागली होती. तिला अर्धा तास लागला. मी यादी हातात घेऊन बाहेर उभा होतो. मी तेव्हाच काही बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

महिन्यानं तपासणीचे कागद आले. शिपायानं गठ्ठा सोडला आणि एकेकाचं मोठ्यानं वाचू लागला. साहेबांच्या कागदावर लिहिलं होतं, की गर्भाशय खाली उतरून बाहेर आलेले आहे, ओझे उचलणे ताबडतोब बंद करावे, शस्त्रक्रिया आवश्यक. ऑफिस कोसळलं. इतकं हसणं त्या कौलांखाली पूर्वी कधी झालं नसेल. मीही हसलो. साहेब कपाटाशी पाठमोरे उभे होते आणि लिहीत होते.

मोठ्या साहेबांनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. कार्यक्रमाची दिशाभूल केल्याबद्दल खुलासा मागवला. रिटायरमेंट तोंडावर आलेल्या माणसाला असा कागद म्हणजे थोडंथोडकं प्रकरण नव्हे. साहेबांचा खुलासा माझ्याच फायलीत लागला, म्हणून मला पाठ आहे. 'सदर गर्भाशय माझे नाही, हे मान्य. परंतु ते या कार्यालयाचे पाणी वाहून खाली आलेले आहे. सबब ते या कार्यालयाचे आहे. सादर.'

पाठोपाठ त्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. बाईचं ऑपरेशन आमची संस्था करील, राहण्या-जेवण्यासह. फक्त ती तुमच्या कार्यालयात काम करते असा एका ओळीचा दाखला पाठवा, म्हणजे कार्यक्रमात बसवता येईल. मोठ्या साहेबांनी पत्रावर शेरा मारला, 'आस्थापनेने टिपणी ठेवावी.' म्हणजे मी.

एका ओळीचं काम. 'सदर महिला अमुक वर्षांपासून कार्यालयात पाणी भरते.' खरी गोष्ट, सगळ्या गावाला माहीत असलेली. पण खरी गोष्ट कागदावर आली की तिला पाय फुटतात. उद्या ती म्हणाली, मला कायम करा, तर? वरून कुणी विचारलं, की ही इतकी वर्षं कुणाच्या हुकमानं काम करते, आणि तसं लेखी कुणी दिलं? टिपणीखाली सही माझी. मी ती फाईल दुसऱ्या फायलींच्या खाली ठेवली. दोन दिवसांनी वर काढली, वाचली आणि पुन्हा खाली ठेवली. दिवाळी झाली. भात कापून झालं. साहेब रोज सकाळी माझ्यासमोर उभे राहून विचारायचे, "आज कोणता शीण?" मी म्हणायचो, "कागदांचा." त्यांना फाईल कुठे आहे ते दिसत होतं. एका शब्दानं त्यांनी मला विचारलं नाही. त्यांनी रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी एका सोमवारी मी टिपणी लिहिली. रविवारी घरी आई पिठाची परात जमिनीवरून उचलताना कमरेला हात लावून मधेच थांबलेली बघितली होती, एवढंच कारण. मोठ्या साहेबांनी फोनवर बोलता बोलता, न वाचता सही केली. मिनिटसुद्धा लागलं नाही. ज्या सहीला मी दीड महिना घाबरलो ती त्यांनी कुणाशी तरी क्रिकेटचं बोलत असताना केली. मी दाखला घेऊन पडवीत गेलो. हंडे पालथे होते. शिपाई म्हणाला, "बुधी परवाच गेली. भिवंडीकडं, वीटभट्टीवर. आख्खा पाडा गेला जीप करून. आता पावसाच्या तोंडावर येतील."

भट्ट्या काय थोड्या असतात? साहेब दोन रविवार तिकडे जाऊन हिंडून आले. ती सापडली नाही. मार्चअखेर कार्यक्रम संपला, दाखला माझ्या फायलीत राहिला. भट्टीवर ती विटा वाहत असणार, जमिनीवरून उचलून. हे साहेब बोलले नाहीत. मीच रोज ते मनात म्हणत होतो.

मग त्यांनी परवानगी न विचारता विसावे बांधायला घेतले. ओहोळातले दगड स्वतः निवडायचे. एक चढणीच्या माथ्यावर, एक पडवीशी. खांबावरची खडूची रेघ वर्षभर तशीच होती, चुना लावायला कुणाला सवड नव्हती म्हणून. त्या रेघेला दोरी लावून ते उंची मापायचे. मी एकदा शर्टाच्या बाह्या सारून दगड उचलायला गेलो. ते म्हणाले, "राहू द्या भाऊसाहेब. तुम्हाला सवय नाही." ते टोचून बोलले नव्हते. तरी मला लागलं.

मे महिन्यात ते रिटायर झाले. निरोपसमारंभात नारळ घेतला, तो टेबलावर न ठेवता शेवटपर्यंत हातात धरून उभे राहिले. मी त्यांना गाडीवर सोडायला गेलो. धीर करून विचारलं, "साहेब, माझा शीण तेवढा राहिला सांगायचा." ते पायरीवर थांबले. "सांगेन," म्हणाले. "घाई काय आहे?" त्यानंतर चार-पाच वर्षांत ते गेले. मला बातमी उशिरा कळली. साखरशेतला जायचं जायचं म्हणत राहिलो आणि गेलो नाही.

आता मीही रिटायर होऊन घरी बसलो आहे. मागे एका कामासाठी मोखाड्याला जावं लागलं, तेव्हा पाय त्या टेकाडाकडे वळले. ऑफिसला नळ आला आहे, म्हणे दिवसाआड येतो. पडवीशेजारचा विसावा कुणीतरी पाडून तिथं मोटारसायकली लावल्या आहेत. चढणीच्या माथ्यावरचा शाबूत आहे. त्याच्याशी एक म्हातारी उभी होती. लहानशी कळशी विसाव्यावर, चुंबळ हातात. मी ओळखलं, तिनंही ओळखलं.

"कारकून नं तू?" बुधीबाई म्हणाली. "म्हातारा झालास."

"अजून पाणी आणतेस?"

"घरापुरता. सून आनते बाकीचा."

"आणि अंग?"

"ता तसाच हाय," ती म्हणाली, जशी हवा-पाण्याची गोष्ट.

मला तिथून निघता येईना. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तिला भर उन्हात सांगितलं. यादीत तुझं नाव होतं, ते मी खोडलं. दाखला मी दाबून ठेवला, म्हणून तुझं ऑपरेशन राहिलं. 

तिनं हातातली चुंबळ झटकली. मग म्हणाली, "माना ठावा हाय. साहेबानी तवाच सांगला होता. आमी भट्टीवरनं आलो, तो ह्यो इसावा दाखवाया आला तवा."

"काय सांगितलं?"

"सांगला, कारकुनाव राग नको धरू बुधे. तो वाईट नाय. त्याचा शीण भेवाचा हाय. आन त्याला वाटतो कागदांचा हाय."

 माझं निदान वीस वर्षं हिच्याकडे होतं आणि हिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. हातातली पिशवी फार जड लागायला लागली. ती खाली ठेवायला मी वाकलो, तशी बुधीबाईनं आपली कळशी एका कडेला सरकवली.

"खाली नको," ती म्हणाली. "हितं ठेव, इसाव्याव."